जीवरामनानांचा गीतावर्ग

सावदा, शनिवार, ९ जानेवारी १९५४
शाळा सुटता सुटता जीवरामनानांचा गडी निरोप घेऊन आला— "उद्या राममंदिरात गीतावर्ग. मोठी पोरं-पोरी येतील. तुम्हीच घ्या." उद्या! नाना देवळाचे पंच, केळीचे व्यापारी आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. म्हणजे निरोप कसला, हुकूमच. मी भूमिती शिकवतो. गीता उघडली होती ती वडील वारले तेव्हा.

रविवार, १०
शिसारी आली. पोरांची नाही, माझीच. एका श्लोकाचा अर्थ तीनदा सांगितला, तिन्ही वेळा निराळा. उखर्डू बसल्या बसल्या घोरला. मुली वेणीची टोकं चघळत होत्या. नाना मागे सुपारी कातरत "वा, वा!" करत होते. ऐकलं तरी काय त्यांनी?

रविवार, १७
तयारी शून्य. इन्स्पेक्टर येणार म्हणून आठवडा शाळेच्या भिंती रंगवण्यात गेला. शेवटी पोथी मिटली आणि सरळ विचारलं, "द्यूताची गोष्ट ठाऊक आहे ना? चूक कोणाची?"
अन् काय सांगू! झोपाळू उखर्डू ताडकन उठला— "धर्मराजाची! बायको काय बैल हाये का, डावावर लावाले?" अभिमन म्हणे, शकुनीची. भांडणच जुंपलं. वेळ संपली तरी कोणी हलेना. नानांची पुष्पा, पंधराची, कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "गुरुजी, तिले कोणी इचारलं होतं का?"
मी पोथी उचलली आणि वर्ग सोडला.

सोमवार, १८
नानांनी पेढीवर बोलावलं. वाटलं, कानउघाडणी होणार. तर चहा मागवला! पुष्पाचं बोदवडला ठरलंय. नवरा मुलगा— मुलगा कसला, बेचाळिशीचा बिजवर, कापसाच्या जिनिंगचा मालक. पोरगी नाही म्हणते.
"पोरं तुमचं ऐकतात, गुरुजी. येत्या रविवारी घ्या— बापाची आज्ञा हाच मुलीचा धर्म. चांगली तयारी करा. दोन दिवस शाळेत नाही आलात तरी चालेल, हेडमास्तरांना मी सांगतो."
गीतेला एक रात्र, अन् या घाणीला दोन दिवस भरपगारी! तरी तोंडातून निघालं, "बघतो." थू!

गुरुवार, २१
घरी बसलो. सावित्री काढली, सीता काढली. एक ओळ लिहवत नाही. किळस येते.
संध्याकाळी दारात यशोदाबाई— पुष्पाची आई. माहेर धरणगावचं, बोली अजून तिकडचीच.
"गुरुजी, पोर मनी बी शे. तिले समजाडू नका. मी तिले भाऊकडे लई जास. टेसनपर्यंत कोणी सोबत करी का?"
पोर त्यांचीही होती, तिला भावाकडे न्यायचं म्हणत होत्या; मी एवढंच म्हणालो, "पण नाना—"
त्यांनी पदर सावरला आणि निघून गेल्या. त्या बाई असून उभ्या ठाकल्या, मी माणूस होतो की नाही कोण जाणे.

शुक्रवार, २२
डोकं दुखतं. शाळेत गेलो. पोरं विचारत होती, रविवारी कोणती गोष्ट?

रविवार, २४
वर्ग घेतला नाही. काल यशोदाबाईंना निरोप धाडला होता. सकाळी गाडी जुंपवून मायलेकींना स्टेशनवर नेलं, भुसावळच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा पुष्पा खिडकीशी भाकरी खात होती.
परत येताना रस्त्यात नाना दिसले, देवळाकडे निघालेले. त्यांनी मला पाहिलंही नव्हतं. सांगून टाकायला मीच हाक मारली.