तुझ्या डब्यात काय होतं

प्रिय नीलम,

फोन केला असता, पण पळणं सोडल्यापासून तू संघातल्या कुणाचाच फोन उचलत नाहीस. म्हणून लिहितेय.

मी आता वडगावातच शाळेत विज्ञान शिकवते आणि संध्याकाळी अजून मैदानावर पळते. गेल्या डिसेंबरात वर्गात फळ्यासमोरच चक्कर येऊन पडले. डॉक्टरांना मी तोऱ्यात सांगितलं, रोज दोन चमचे प्रोटीन पावडर घेते. ते म्हणाले, "पावडरीचं राहू दे गं, आधी रक्त बघू." हिमोग्लोबिन आठ निघालं! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत पाच हजार मीटरची माझी वेळ सव्वा मिनिटानं उतरली. पावडर तीच, बूट तेच. मी थक्क झाले. आणि मग तो जुना प्रश्न पुन्हा डोकं खायला लागला: तुझ्या त्या स्टीलच्या डब्यात होतं तरी काय?

आपण एकत्र पळायचो तेव्हा सराव संपला की तू त्यातली तपकिरी भुकटी ताकात कालवून प्यायचीस. मी विचारलं की नुसती हसायचीस. निवड चाचणीत तू मला पाऊण फेरी मागे टाकलंस. मग कुणाची तरी निनावी तक्रार गेली, उत्तेजकासाठी तुझी तपासणी झाली. अहवाल स्वच्छ आला, पण तोवर संघ राष्ट्रीय स्पर्धेला निघून गेला होता. तू पळणंच सोडलंस आणि निपाणीला नोकरीला लागलीस.

परवा रविवारी स्कूटरवरून कणकुंबीला गेले, तुझ्या आईकडे. मनुबाईंनी आधी जेवायला वाढलं, मग डब्याचं ऐकून पोट धरून हसल्या. "औषीद कसलं गं? नाचणी, हरभरं, शेंगदाणं नि गूळ. तुम्हा पोरींच्या पावडरीच्या चकचकीत डब्यांम्होरं नाव सांगायला लाजायची ती." नाचणीला मोड किती दिवस आणता, भाजता किती, मी विचारत गेले, वहीत लिहीत गेले. त्याही हौसेनं सांगत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "कुणी धाडला आसंल गं त्यो तक्रारीचा कागूद? तुला काय कळलं व्हय?" मी वही मिटली आणि उठले.

नीलम, तो कागद मी धाडला होता. तू माझ्यापुढे कशी जातेस याचं उत्तर मला डब्यातच हवं होतं. माझं रक्त कमी असेल, तुझी मेहनत जास्त असेल, हे मनात आलंच नाही. आलं असतं तरी मी मानलं नसतं. काल निवड समितीला माझ्या नावानिशी, सहीनिशी सगळं कळवलंय. येत्या रविवारी तुझ्या आईलाही सांगणार आहे. त्यांच्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. माफी मागायला तोंड नाही. तू निपाणीहून येऊन चार शिव्या दिल्यास तरी मी दार उघडून उभी असेन.

तुझीच, असं अजून म्हणू दिलंस तर,
रचना