गाडीत कोण बसलं होतं

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा बंद! पूल ओलांडला, चढ सुरू झाला आणि पिकअप ट्रकचा जीव गेला. आधी दोन गचके, मग मी पाय दाबतेय आणि गाडी ऐकतच नाही. कशीबशी कडेला, बर्फात घेतली.

बाबा शेजारी शांत. "टाकीचं टोपण उघड. हवा आत ओढल्याचा सुस्कारा येतो का ऐक." मी उतरले, उघडलं. काही नाही. परत येऊन किल्ली फिरवली — लगेच चालू! त्या एका चढावर हे तीनदा झालं, आणि दर वेळी बाबांनी मला अर्धा अर्धा तास सगळं तपासायला लावलं.

बाबांच्या डायलिसिसला पोचायला दीड तास उशीर. पुढचा पेशंट थांबलेला, म्हणून चार तासांऐवजी अडीचच तास मिळाले. नर्स डोलोरेस म्हणाली, "काय हो हॉगलंड, आजारी नक्की कोण? तुम्ही की तुमचा ट्रक?"

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

बुधवार, ५ मार्च

माझी छोटी गाडी नोव्हेंबरात हरणाला धडकली, तेव्हापासून शेडमध्ये आहे. म्हणजे हा एकतीस वर्षांचा ट्रकच आमचा आधार. आठवड्यातून तीनदा, बासष्ट मैल जायचे, बासष्ट यायचे.

सकाळी शेजारचा लेलँड आला. "नवा पंप टाक की, वेरा. डोकं कशाला फोडतेस?"

बाबा खुर्चीतून ओरडले, "पंप टाक, प्लग टाक, इंजिन टाक, मग ट्रकच टाकून दे! चाळीस वर्षं गॅरेज चालवलं ते काय असं?"

मग मला पद्धत सांगितली. मधूनमधून होणारा बिघाड असेल तर आधी लिहून काढायचं. कितव्या मैलावर, थंडी किती, टाकीत पेट्रोल किती, गाडीत कोण बसलं होतं. शेवटचं कशाला? "एका मास्तरणीची गाडी फक्त ती चालवताना बंद पडायची. नवऱ्याच्या हातात एकदम शहाणी! तिच्या किल्ल्यांचा जुडगा हा एवढा — त्या वजनानं किल्लीच मागे फिरायची." हसता हसता खोकले.

दुपारी त्यांनी सांगितलं तसा फिल्टर बदलला. मी, एकटीनं! रात्री जेवताना हाताला पेट्रोलचा वास येत होता.

गुरुवार, ६ मार्च

एक्केचाळिसावा मैल. कडाक्याची थंडी. टाकी भरलेली. मी आणि बाबा. बंद, दोनदा.

शुक्रवार, ७ मार्च

किराणा आणायला गेले, तोच चढ. पाऊण टाकी. फक्त मी. काही नाही.

शनिवार, ८ मार्च

बंद. जातानाच. परत येताना कधीच नाही — हे आज लक्षात आलं. येताना बाबा काचेला डोकं टेकून झोपलेले असतात. डायलिसिसच्या त्या खुर्चीत त्यांना हाडापर्यंत थंडी भरते, पायात गोळे येतात, मग दुसऱ्या दिवशी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

संध्याकाळी म्हणाले, "तुझी आई झोपेत गेली. बरं झालं तिचं."

मी विचारलं, सूप गरम करू का?

मंगळवार, ११ मार्च

बंद. एक्केचाळिसावा मैल. मी आणि बाबा.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, अंगात असंच पाणी साचत राहिलं तर हृदयाला फार दिवस झेपणार नाही. काही करा, पण वेळेवर आणा.

मी त्या ट्रकला लाथ मारली. खरंच मारली. बाबा म्हणाले, "त्याला कशाला मारतेस, बिचाऱ्याला."

बुधवार, १२ मार्च

बाबांच्या वजनाइतकी खाद्याची पोती शेजारच्या सीटवर ठेवली आणि क्लिनिकपर्यंत जाऊन आले. चढावर मुद्दाम दोनदा गेले. ट्रक गुणगुणत चढला.

घरी आले, अंगणातच बसून पानं चाळली. मैल तोच, पण एकटी असताना त्याच मैलावर काही नाही. थंडी वेगळी, पेट्रोल वेगळं. बंद पडला तेव्हा शेवटचं तेवढं दर वेळी सारखं: मी आणि बाबा. परत वाचलं. मग पोती उतरवली आणि टॉर्च घेऊन त्या सीटपुढे वाकले.

पाय ठेवतात तिथे, आत, पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची वीज तोडणारी एक डबी आहे. अपघात झाला तर पेट्रोल बंद व्हावं म्हणून. तिच्यावरचं झाकण काढलेलं. वायर जोडाशी सैल केलेली, तिच्यावर वाळलेला चिखल. इंजिन चालू करून बुटानं वायर दाबली — दोन गचके, बंद. बूट उचलला, किल्ली फिरवली — चालू.

झाकणाचे स्क्रू समोरच्या कप्प्यात सापडले, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. बाबा आयुष्यभर स्क्रू तसेच ठेवत आलेत.

वायर घट्ट बसवली. टेप गुंडाळली. झाकण लावलं.

गुरुवार, १३ मार्च

चढ आला. बाबांचा बूट पुढे सरकला, झाकणावर टक्कन आपटला, मागे आला. मग दोन्ही पाय जवळ घेऊन बसले.

"सापडलं वाटतं."

"हो."

"चांगली मेकॅनिक झालीस."

वेळेवर पोचलो. पूर्ण चार तास. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी. डोलोरेस खूश — "बघा, ट्रक सुधारला!"

घरी बूट काढून देताना विचारलं, "सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो, पोरी. तू सूप गरम करत होतीस." मग म्हणाले, "मी डायलिसिस नको म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, बाप मला टाकून निघाला. ट्रक बंद पडला तर कुणाचाच दोष नसतो."

मी बूट दाराशी नेऊन ठेवले.

शुक्रवार, १४ मार्च

दिवसभर काही सुचलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून.

शनिवार, १५ मार्च

सकाळी बाबा आवरत होते, तेव्हा झाकण काढलं, टेप सोडवली, वायर होती तशी सैल केली. स्क्रू परत त्या बाटलीत ठेवले.

बाबा बसले. खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी गाडी सुरू केली.

एक्केचाळिसाव्या मैलावर बाबांचा बूट पुढे सरकला आणि ट्रक बंद पडला. मी टोपण उघडायला उतरले नाही. त्यांनी पाय मागे घेतल्यावर किल्ली फिरवली आणि गाडी घराकडे वळवली.