नालियाकाचं गणित मी घेतो

४ जानेवारी
नालियाकाला शाळेतून काढलं. आता घरीच शिकेल. तिथल्या नाबविरे मॅडम तोंडावर म्हणाल्या, पोरगी गणितात कच्ची आहे, शाळा सुटल्यावर थोडा वेळ माझ्याकडे बसवा. पोरगी कच्ची नाही, शिकवणं कच्चं आहे. किताले गावच्या बाजारात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आकडे माझ्या रक्तात आहेत. नासिमियूने विचारलं, मग दुकानात कॅल्क्युलेटर कशाला? बायकोला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.
संकल्प: ईस्टरच्या आत अपूर्णांक संपवणे.

९ जानेवारी
गिऱ्हाइकांची गर्दी. धडा नाही. मुलांना विश्रांतीही लागते.

१५ जानेवारी, सकाळी
अपूर्णांक सुरू. चपात्या कापून शिकवलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. दोन छेद पाच. इतकं सोपं.
नालियाकाने ताटातले तुकडे जुळवून बघितले. मग म्हणाली, "बाबा, अर्धीत आणखी घातली, तर अर्धीहून कमी कशी झाली?"
शाळेने शंका काढायची खोड लावली आहे. जाईल हळूहळू.

२ फेब्रुवारी
पुस्तकाने दगा दिला. मागे छापलेली उत्तरं चुकीची आहेत. ओळीने सगळी. प्रकाशकाला खडसावणार.

११ फेब्रुवारी
नालियाका रडली. मी ओरडलो नव्हतो, मोठ्याने समजावत होतो. ताटातल्या मक्याच्या उगालीला हात न लावता उठली. "मी ढ आहे का?" असं आईला विचारत होती म्हणे. मला विचारायला हवं होतं. शिक्षक मी आहे.

२७ फेब्रुवारी
पद्धत लागू पडली! हल्ली मी विचारायचा अवकाश, माझं उत्तर तोंडावर फेकते. रडणं बंद. दुपारी आईबरोबर बाजाराला जाते, तीही उड्या मारत. दुकानावर शिकवणीची पाटी लावावी का?

१९ मार्च
बियाण्यांची पिशवी पोचवायला चर्चमागच्या गल्लीत गेलो. नाबविरे मॅडमच्या कुंपणाआडून ओळखीचा आवाज आला. माझी पोरगी त्यांच्या ओट्यावर. शेजारी नासिमियू निवांत चहा पीत होती.
मॅडमनी तेच चपात्यांचं गणित विचारलं. नालियाका म्हणाली, "पाच छेद सहा. पण घरी दोन छेद पाच म्हणायचं."
"का गं?"
"बाबा जीव तोडून शिकवतात. त्यांना वाईट वाटतं."
पिशवी तशीच परत आणली.

२० मार्च
नासिमियूला जाब विचारला. माझ्याच घरात माझ्या पाठीमागे? आणि तेही त्या बाईकडे? ती शांतपणे सुकुमाची पालेभाजी चिरत राहिली. म्हणाली, "तुम्हाला गणित सुटत नव्हतं आणि तुम्ही पोरीला सोडत नव्हता. मी काय करणार होते?"
निषेध म्हणून जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२ एप्रिल
नालियाकाशी अबोला धरला आहे. तिला अजून कळलेलं दिसत नाही. आजही हसत दोन छेद पाच म्हणाली. मी "शाबास" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

४ मे
दुकानात गर्दी वाढली, म्हणून नालियाकाला परत शाळेत घालायचं ठरवलं. पुन्हा घेण्यासाठी आज परीक्षा होती. नालियाकाची सगळी गणितं बरोबर आली. हेडमास्तर खूश. एवढी तयारी कोणी करून घेतली, म्हणून विचारलं. नाबविरे मॅडम तिथेच होत्या. मी खिडकीबाहेर बघू लागलो.
नालियाका म्हणाली, "बाबांनी."
मॅडमनी हसून मान डोलावली. हेडमास्तरांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मी हलवू दिला.
फाटकाबाहेर आल्यावर तिला विचारलं, खोटं का बोललीस?
म्हणाली, "तुम्ही शेजारीच उभे होता ना, बाबा."
मी नसतो तर काय म्हणाली असती, ते विचारलं नाही.