तीन राजे आणि मूठभर शेंगा

अल्लीपूर, २७ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. मंदाताईस सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद काढला. पहिली तक्रार खुर्चीची. तुझ्या घरातली एक पाय आखूड असलेली एकमेव खुर्ची नेमकी सख्ख्या भावाच्या वाट्याला यावी? भाऊबीजेला तू ओवाळलंस तेव्हा निरांजन स्थिर होतं, मीच फिरत होतो.

दुसरी तक्रार तुझ्या चिरंजीवांची. नीलेश पुण्याहून पोकर शिकून आला आणि शेंगा लावून आपल्याला खेळवलं. त्यात आईनं जाहीर केलं की शेवटचा डाव जिंकेल त्याच्याकडे ती हिवाळाभर राहील. माझ्या हातात दोन राजे, खाली सगळ्यांसाठी उघडलेल्या तीन पानांत तिसरा, शेजारी एक सत्ती. असा हात आल्यावर शहाण्यानं गप्प बसावं, इतरांना आत ओढावं. मी बसलो. आणि तू अठ्ठी-नव्वी धरून ठेवलीस, पुढे दश्शी आली, गुलाम आला, तुझी सत्तीपासून रांग लागली, आणि रांगेपुढे तीन राजेही हरतात. आई तुझ्याकडे राहिली. असो. तुमची मर्जी.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
वासुदेव

नाचणगाव, २ नोव्हेंबर २०२५

चि. वासुदेवास अनेक आशीर्वाद.

खुर्ची तूच निवडली होती, खिडकीजवळ आहे म्हणून.

आता पत्त्यांचं. नीलेश कपाळाले हात लावून सांगून राह्यला की बोली ठरलेली, दोन शेंगांच्या वर नाई, अन् खेळणारे पाच, अशा वेळी तीन राजे लपवाचे नसतात. समोर एखादाच असला, तो स्वतःच बोली लावणारा असला, अन् फुकटच्या पानानं आपलं काही बिघडत नसलं, तवाच गप्प बसाचं. तीन पानं उघडली तवा माझ्या हाती काहीच नव्हतं. तू दोन शेंगा लावून माझ्याकडूनही तेवढ्या मागितल्या असत्या तर मी पत्ते टाकून चिवडा पाहाले गेली असती. तू मागितल्याच नाई. पुढचं पान फुकटात दिसते तर मी काऊन उठू?

आईच्या बाबतीतही तू हेच करते. तुझी पोरगी रक्षा नोकरीले नागपूरले गेली, घरात तू एकटा, अन् दरवर्षी म्हणते काय, तर तुमची मर्जी. मले वाटे, तुले नकोच असन. परवा आई म्हणाली की वासू एकदा चल म्हणाला असता तर डाव मांडाची गरजच नव्हती. तुझ्याकडे याची म्हणून पिशवी तिनं दिवाळीच्या आधीच भरली होती. हे ऐकून मले कसं वाटलं असन, त्याचाही विचार करजो.

राग असला तरी आशीर्वाद आहेतच.

तुझी,
मंदाताई

अल्लीपूर, ७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. मंदाताईस सा. न. वि. वि.

नीलेशला सांग, समजलं. कपाळाला हात न लावताही शिकवता येतं, हेही सांग.

आईला मी नेणार आहे. कोणाची मर्जी विचारत नाही. मला ती इथे हवी आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. संक्रांत झाली की तुझ्याकडे आणून सोडीन, भांडण तोवर राखून ठेव.

थोडा लोभ आईसोबत बांधून दे.

तुझा,
वासू

ता. क. शेवटच्या डावात माझ्या शेंगा संपल्या, तेव्हा आईनं आपल्यातल्या मूठभर पदराआडून माझ्याकडे सरकवल्या होत्या. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. समोरासमोर मला देता यायच्या नाहीत, म्हणून पत्रासोबतच्या पिशवीत आज भाजून घातल्या आहेत. तिच्या हातात दे. मोजायला लावू नकोस.