थकलेल्या शब्दांची भिंत

२६ ऑगस्ट, सोमवार

सगळ्यांत आधी आली ती शेजारची ओपल, तीही आमची गाडी रिकामी व्हायच्या आत. हातात वाळवलेल्या सफरचंदांचा थराथरांचा केक. म्हणाली, डोंगरावरून खाली आलात ते बरं केलंत, वर कोळशाची धूळ आणि कोंबड्या सोडून आहे काय. मी म्हटलं, बाई, कोंबड्या मी बरोबरच आणल्यात. तेव्हा पोट धरून हसली. केक छान होता. ओपलही छान आहे. नंतर तिच्या घरी डोकावले तर भिंतीवर एका मुलाचा फोटो. कोण गं हा, म्हटलं, तर म्हणाली, आमच्यातलाच कुणीतरी, आणि ॲप्रनच्या टोकाने काच पुसली. वयाचं असंच असतं म्हणा.

हे मी शाळेत बसून लिहितेय, हेच एक नवल. सहावीतून तंबाखूच्या शेतावर गेले ती परत फळा पाहिला नव्हता. इथे केंटकीत खालच्या गावांत वर्गावर एक आजी ठेवतात, पेन्सिली तासायला, पोरांचं वाचन ऐकायला. आधी ओपल होती, तिने सोडलं आणि मला मिळालं. वर्ग कुठला, तर आमच्या डार्लाचाच, सातवीचा भाषेचा. डार्ला म्हणजे माझ्या वांडाची मुलगी. वांडा आणि तिचा नवरा हर्शेल ओहायोत कारखान्यात लागलेत. तिथे घर मिळालं की एका रविवारी येतील आणि डार्लाला घेऊन जातील. तोवर डार्ला माझी.

वर्गाच्या बाई म्हणजे प्रूइटबाई. छान आहेत, आवाज लोण्यासारखा. त्यांनी भिंतीवर नियम लावलेत. च्युइंगगम बाहेर थुंकून यायचं. बोलायचं तर हात वर. बाहेर जायचं तर दाराशी टांगलेली लाकडी फळी, परवानगीची खूण म्हणून, हातात घेऊन, आणि फळी एकच, म्हणजे एकालाच घाई परवडते. तास सुरू झाला की आधी वहीत लिहायचं, मनात येईल ते, खोलीत असेल त्या प्रत्येकाने. म्हणून मीही. शुक्रवारी बाई वह्या वाचतात. शेवटचा नियम डार्लाने वाचून दाखवला: फार वापरलेला शब्द थकतो, थकलेला शब्द पुरायचा. मॅमॉ, तू नको काळजी करू, म्हणाली (आमच्याकडे आजीला मॅमॉ म्हणतात), तुला शब्द येतातच किती. आगाऊ आहे डार्ला. गालाला खळी पडते तिच्या, म्हणून सगळं खपतं.

२८ ऑगस्ट, बुधवार

तांबड्या कोंबडीने ओपलच्या गाडीत अंडं घातलं. ओपल म्हणाली, गाडी माझी तर अंडंही माझं. छान भांडलो. काल संध्याकाळी घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव, डार्लाने तीनदा मागितला. डार्ला मोठ्याने वाचते तेव्हा कसं गोड वाटतं. बाकीची पोरं मात्र फार गप्प. बाजूच्या वर्गात छप्पर उडतं, आणि इथे माशी ऐकू येते. शिस्त छान आहे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

बाईंनी माझ्या वहीत ‘छान’भोवती लाल गोल केलेत, पानभर, जसा गोवर उठावा. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या शब्दाला आता विसावा देऊ. डार्ला करड्या कागदाची कबर कापतेय, वर वाटोळी, आमच्या चर्चमागे असतात तशी. तास संपताना भिंतीवर टाचणार, सगळ्यांनी मान खाली घालायची. मागच्या भिंतीवर अशा कबरी छतापर्यंत गेल्यात. त्यांवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. चष्मा पुसला तरी नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

ओपलने पुन्हा तोच केक दिला. कसा झालाय, विचारलं. मी म्हणायला गेले आणि तोंडात काही आलं नाही. बोबडी नव्हे, जागाच रिकामी. पुन्हा चाखला. कणकेसारखा लागला. ओपलने वाईट वाटून घेतलं नाही, नुसती मान हलवली, जशी काही वाटच बघत होती.

डार्लाला सांगितलं. ती म्हणाली, होतं तसं मॅमॉ, आठवड्याने कळतही नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज दोन शब्द. ‘गोड’ माझ्या वहीतून आणि ‘हसणं’ पोरांच्या. बाईंना हात वर करून विचारलं, शब्द पुरला तर ती गोष्ट कुठे जाते. बाई म्हणाल्या, फार सुंदर प्रश्न आहे, वहीत लिहा. लिहिते. भीती वाटते. भीती.

११ सप्टेंबर, बुधवार

काल वांडाचा फोन होता. घर मिळालं, पुढच्याच्या पुढच्या रविवारी येतो म्हणाली. डार्लाने ऐकलं आणि तोंड उघडलं, दात दिसले, पण आवाज नाही. खळी पडली नाही. तीन घास खाऊन उठली.

मला डार्लाची भीती वाटते. डार्लाबद्दल भीती, असं म्हणायचंय. डार्लाला शाळेतच पाठवू नये असं वाटतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लाल गोल ‘भीती’वर. कबर कापायला डार्लाच बसलीय.

१६ सप्टेंबर, सोमवार

डार्लाला घरी ठेवायचं होतं. सकाळी उठले, तिचा डबा भरला, दोघी शाळेत आलो. आपल्याला — वाटायला हवी एवढं समजतं. अंगात काही हलत नाही. दात काढताना सुई देतात, तसं.

काल ओपलला विचारलं, तू ही नोकरी का सोडलीस. म्हणाली, लिहायला काही उरलं नाही. मी वहीत एकाच माणसाबद्दल लिहायचे. कोणाबद्दल, म्हटलं. तिने फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, कॉफी ओतू का.

बाईंनी या आठवड्याचा शब्द आधीच दाखवला. माझ्या वहीतला. पहिल्या पानापासून गोलच गोल. डार्ला.

१८ सप्टेंबर, बुधवार

प्रूइटबाई, लिहिताना बोलायचं नाही हा नियम, म्हणून इथेच लिहिते. डार्ला हा शब्द नाही, डार्ला पोर आहे. डार्ला हे नाव मीच ठेवलं, वांडा कळांनी थकून निजली होती तेव्हा. डार्ला पालथी पडली माझ्या गोधडीवर. डार्लाला कांजिण्या आल्या तेव्हा मी डार्लाजवळ बसून होते. डार्लाऐवजी मॅमॉ पुरा. माझं नाव पुरा. डार्ला थकलेली नाही. डार्ला डार्ला डार्ला

आता पान वरपासून वाचून पाहिलं. काय केलं मी ते दिसलं. खोडायला रबर मागितलं. बाई म्हणाल्या, रोजनिशीत खोडायचं नाही, तोही नियम आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ती करडा कागद कापतेय. कडा नीट येतात तिच्या. कोणाची कबर हे तिला ठाऊक आहे. मला म्हणाली, मॅमॉ, जरा टाचण्या दे.

मी दिल्या.

२१ सप्टेंबर, शनिवार

वही घरी आणली. नियमात बसत नाही बहुतेक.

घरात एक मुलगी आहे. कोंबड्यांना दाणे टाकते. मला मॅमॉ म्हणते. मी तिला जेवायला वाढलं, वाढायचंच असतं. मी — म्हणून हाक मारायला गेले. तिने वर पाहिलं आणि वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग खाली मान घालून खाऊ लागली.

ओपल आली होती. कोण ही, म्हणाली. आमच्यातलीच कुणीतरी, म्हटलं. ओपलने माझा हात धरला. तिचा हात गार होता की ऊन ते कळलं नाही.

वांडाचा फोन. म्हणाली, उद्या दुपारपर्यंत पोचतो, तिचे कपडे बांधून ठेव. एक नाव घेतलं तिने. तेवढ्याच जागी तारेत खरखर झाली. पुन्हा सांग, म्हटलं. पुन्हा खरखर. वांडा म्हणाली, आई, तू रडतेयस का. मी गाल पुसून पाहिला. ओला होता.

कपडे बांधलेत. लहान मापाचे आहेत. रविवारी येणार आहेत, दुपारी, —ला न्यायला. दार वाजलं की मी त्यांना सांगेन की