पाटा, मशीन आणि तुझं दुसरं वाक्य

आई,

समोर सभा नाही, माईक नाही, तरी सवयीने आधी सांगतो की मी कोणाशी बोलतोय. तुझ्याशी, आणि मिशनच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात तुझ्याबरोबर राबणाऱ्या त्या तिघींशी. तुम्हा चौघींचं गाऱ्हाणं एकच होतं आणि ते तुम्ही कधी चारचौघांत मांडलं नाही: कामाला हात तुमचे, पण त्या कामाचं काय करायचं हे ठरवताना तुम्हाला सोडून सगळ्यांना विचारलं गेलं. मी चिडलोय. तीन दिवस झाले, राग उतरत नाही. कोणावर चिडलोय ते नीट सांगता यावं म्हणून लिहायला बसलो.

रविवारी उपासनेहून घरी आलो तर ओसरीत सुप्याची एक बाई बसलेली. नवरा तिथल्या कंपनीत कामाला, आणि ही घरोघरी जाऊन स्वयंपाकाचं मशीन दाखवते. तुला कसं समजावू? एकच भांडं, खाली वजनकाटा, आत पातं. ते चिरतं, वाटतं, कणीक मळतं, वाफवतं, ढवळतं, शिजवतं आणि झालं की वाजतं. किंमत एका चांगल्या दुभत्या म्हशीची. तिला माझ्या बायकोने बोलावलं होतं. तुझी सून कर्जतकडची. तू गेल्यावर ती या घरात आली, त्यामुळे तुमची भेट नाही. तिचा उजवा अंगठा वर्षभर दुखतोय. डॉक्टरने मनगटाला पट्टा दिलाय, पण पट्टा बांधून पीठ मळता येत नाही, म्हणून तो खुंटीला लटकतो. त्याच खुंटीवरून मी रोज माझी शबनम पिशवी काढतो. म्हणजे पट्टा मी रोज बघत होतो.

तुझी सून त्या बाईला वकिलासारखी विचारत होती. "गोड बोलू नका, काम सांगा. शेंगदाण्याचा कूट व्हतो, का त्याला त्येल सुटतं?"

"होतो काकू. थांबून थांबून फिरवायचं."

"बाजरीचं पीठ मळतंय?"

"मळतं. भाकरी काय थापत नाही."

"ती मी थापीन की. लाइट गेली तर?"

"लाइट गेली की ते नुसतं पातेलं, काकू." दोघी हसल्या.

"आन बिघडलं म्हंजे?"

"माणूस पुण्याहून येतो." मग ती बाई खरं बोलली, "आठ दिवस धरा."

इथे मी उभा राहिलो. बसून बोलायची मला सवयच नाही. म्हटलं, घरात माणसं तीन, भाकरी यात होत नाही, विजेचा भरवसा नाही, दुरुस्ती पुण्यात. हे घेऊन करायचं काय? एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, कारण यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. पण मी पुढे गेलो. बाजार आपल्याला कसं लुबाडतो, यंत्र माणसाला कसं पांगळं करतं, हाताची चव म्हणजे काय. आणि शेवटी, नेहमीसारखं, ओसरीच्या कडेला क्रोटनच्या कुंड्यांमध्ये ठेवलेल्या, बोर्डिंगमधून आणलेल्या तुझ्या पाट्याकडे बोट केलं. "माझ्या आईने या पाट्यावर बोर्डिंगच्या सगळ्या पोरांचं वाटण वाटलं. हौसेनं वाटलं." त्या बाईचे डोळे भरून आले, आणि ती मशीन खोक्यात घालायला लागली. मी जिंकलो होतो.

सून म्हणाली, "झालं भाषन? आता आजचं वाटन तुमी वाटा. पाटा हायेच म्होरं. कुंड्या मी बाजूला घेते."

बाहेरच्या बाईसमोर माघार कशी घेणार? वाटायला बसलो. रविवारचं मटण, म्हणजे भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, भिजवलेल्या मिरच्या. तीन माणसांपुरतं. वरवंटा चार वेळा पुढे-मागे केला आणि कळलं की हे हाताचं काम नाही, पाठीचं आहे. थोड्या वेळाने खांदा बोलायला लागला. खोबऱ्याचे कण तसेच राहिले, घाम डोळ्यांत गेला, पुसायला गेलो तर तिखट डोळ्यांत. सून उंबऱ्यात बसून बघत होती. "हौस झाली का?" एवढंच म्हणाली. नळाखाली हात धरले, ताकात बुडवले, तरी संध्याकाळपर्यंत बोटं पेटलेली.

आणि तेव्हा, आई, मला तू दिसतेस. शाळा सुटलीये, मी धावत बोर्डिंगच्या मागच्या दाराशी येतो, तुला मिठी मारायला हात पसरतो, आणि तू दोन्ही हात वर करून मागे सरकतेस. "लांब हो, हात तिखटाचे हायेत." रोज. बाकीच्या पोरांच्या आया त्यांच्या गालावरून हात फिरवतात आणि तू फिरवत नाहीस, याचा राग मी किती वर्षं धरला! वाटायचं, तुला मी आवडत नाही. तू देवळात उपासनेच्या गीतांचं पुस्तकसुद्धा बोटांच्या टोकांनी धरायचीस.

मग ते वर्ष येतं. बोर्डिंगमध्ये शिकून मोठा झालेला कोणी एक जण मोठा मिक्सर भेट पाठवतो. तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खोक्यातच आहे. तू पदराने त्याच्यावरची धूळ पुसतेस, मी पाहिलंय. त्याच आठवड्यात नाताळची वक्तृत्व स्पर्धा, विषय यंत्र आणि माणूस. मी सातवीत. मी बोलतो की यंत्राला माया नसते. माझ्या आईच्या वाटणात माया असते. पाट्याचा आवाज हीच आमच्या बोर्डिंगची प्रार्थना. बोर्डिंगच्या कमिटीची माणसं रुमाल काढतात. पहिला नंबर, पितळी पेला. आणि व्यवस्थापक साहेब तिथेच उठून जाहीर करतात की या मुलाने आमचे डोळे उघडले, मिक्सर दुसऱ्या वसतिगृहाला देऊ, आपल्याकडची चव तशीच राहू दे. टाळ्या. तुम्ही चौघी मागे भिंतीला टेकून उभ्या. तूही टाळ्या वाजवल्यास. त्यानंतर तू त्या पाट्यावर आणखी सोळा वर्षं वाटलंस.

म्हणून चिडलोय. त्या साहेबांवर, ज्यांनी आयुष्यात एक लसूण सोलली नाही. रुमाल काढणाऱ्या कमिटीवर. आणि सगळ्यात जास्त त्या सातवीतल्या शहाण्यावर, जो अजून माझ्या तोंडून बोलतो. मशीन महाग आहे आणि माझे मुद्दे खरे आहेत, हे आजही म्हणेन. पण खरे मुद्दे मांडूनही माणूस दुसऱ्याचा हात पिरगळू शकतो. गेल्या वर्षी मी स्वतःसाठी ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे घेतले. ते किती वेळा लागणार, दुरुस्ती कुठे होणार, आमच्या घरी एकाने तरी विचारलं का? ते सगळं कुठे ठेवलंय माहीत आहे? स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कारण चांगला प्लग तिथेच आहे. तिने पोळपाट खाली जमिनीवर घेतला.

काल तिला म्हटलं, "तुला ते मशीन पाहिजे का?" असं विचारायला मला दोन दिवस लागले.

"आवो, मी त्या बाईला कवाच फोन केलाय," ती भाकरी उलटत म्हणाली. "बिशीचं पैसं हायेत माझं. गुरवारी आनतीय ती. तुमी फकस्त तेवढा भोंगा उचला ओट्यावरनं."

उचलला. पाटा कुंड्यांतून काढून धुतला आणि मागे भिंतीला उभा केला. आता पाहुण्यांना दाखवणार नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून त्या पितळी पेल्यात ठेवतोय. आणि एक कबूल करायचंय, जे सभेत कधी बोललो नाही. स्पर्धेच्या संध्याकाळी तू मला दोन वाक्यं म्हणालीस. पहिलं मी आयुष्यभर सांगत आलोय, गावोगाव, टाळ्या घेत: "बोललास लई चांगलं." दुसरं मी प्रत्येक वेळी गाळलं. ते असं होतं: "पन मला इचारायचंस."

आई, ते दुसरं वाक्य एकदा मोठ्याने म्हण. या वेळी मी मधे बोलणार नाही.