पिठाचे हात

पनवेल, मंगळवार, मार्गशीर्ष, १९५३

बाळू आज ओटीच्या पायरीवरून पडला. मी भाकरी थापत होते, तशीच टाकून धावले, पिठाचे हात पसरले. तो माझ्या बाजूनं निघून गेला आणि "आई, आई" करत सासूबाईंच्या कुशीत शिरला. माझे हात तसेच पसरलेले.

त्याचा तरी काय दोष? धाकटे दीर मला वहिनी म्हणतात, सासूबाईंना आई. ऐकून ऐकून तोही तेच शिकला. अडीच वर्षांचा झाला तरी मी आपली वहिनीच. सगळ्यांना गंमत वाटते, हे सुद्धा हसतात. आधी मीही हसायचे. वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल उचलायचं नाही, मग तो माझ्याकडे येणार कधी? पाजायला घ्यायचे तेवढाच माझा. तेही आता सुटलं.

संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या. बाळू एकटाच चुलीपाशी आला. मी हळूच म्हटलं, "बाळू, मला आई म्हण ना."

तो माझ्या पिठाच्या हातांकडे बघत राहिला. मग माझी समजूत घालावी तसा म्हणाला, "वहिनी, आई देवळात गेली. येईल हं."